सॉफ्टवेअर टूल्स बसवताय? आधी गेटवरची माणसं मोजा

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात सॉफ्टवेअर लिहिणं आता फक्त हिंजवडीच्या काचेच्या इमारतींपुरतं राहिलेलं नाही. मोटर कंट्रोलर, बॅटरी मॅनेजमेंट, डॅशबोर्डचा क्लस्टर असे भाग बनवणाऱ्या मध्यम कारखान्यांतही वरच्या मजल्यावर पंधरा-वीस इंजिनिअर फर्मवेअर लिहीत बसलेले असतात. खाली मोल्डिंग आणि असेंब्ली, वर सी भाषेतला कोड. ग्राहक मोठी वाहन कंपनी. एक दिवस तिच्या ऑडिटमध्ये प्रश्न येतो की कोड कुठे ठेवता, आणि कोणी, कधी, कशासाठी बदलला याची नोंद दाखवा. तोवर कोड कोणाच्या तरी लॅपटॉपवर आणि शेअर्ड ड्राइव्हवरच्या 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नक्की' अशा फोल्डरांत असतो. मग पंधरा दिवसांत टूल्सची कोटेशनं मागवली जातात, आणि घाईत मागवलेल्या कोटेशनमध्ये हमखास नको तिथे पैसे जातात.

हिशेबासाठी एक काल्पनिक कारखाना धरू. वरच्या मजल्यावर २० इंजिनिअर. कंत्राटी कामगार धरून गेटमधून आत येणारी माणसं ४००. वर्षाची उलाढाल १०० कोटींच्या पुढे. डॉलर ९० रुपये धरला आहे. लायसन्सचे दर त्या त्या कंपन्यांच्या जाहीर यादीतले आहेत, वर्षाच्या कराराचे आणि कर सोडून. यादीतले दर बदलत असतात, त्यामुळे पीओ काढाल त्या दिवशीचा आकडा घालून हिशेब पुन्हा करा.

फुकट कोणासाठी, हे आधी वाचा

इंजिनिअर स्वतःहून जी टूल्स उतरवून घेतात त्यातल्या अनेकांवर 'फ्री' लिहिलेलं असतं. ते विद्यार्थ्याला आणि छोट्या कंपनीला फ्री असतं. तुम्ही त्यात बसता का, हे ठरवताना लायसन्स देणारी कंपनी वरच्या मजल्यावरची वीस माणसं मोजत नाही, अख्खा कारखाना मोजते. आयटी कंपनीला हा नियम फारसा बोचत नाही, कारण तिथे बहुतेक सगळे कोडच लिहितात. ज्याच्याकडे शॉप फ्लोअर आहे त्याला तो चांगलाच महागात पडतो.

डॉकर डेस्कटॉप घ्या. ऑगस्ट २०२१ मध्ये डॉकरने अट बदलली. कर्मचारी २५० पेक्षा जास्त असतील किंवा उलाढाल वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर असेल, यातलं एक जरी लागू झालं तरी व्यावसायिक वापराला पैसे पडतात. आपल्या दराने एक कोटी डॉलर म्हणजे ९० कोटी रुपये, म्हणजे आपला कारखाना दोन्ही बाजूंनी अडकला. टीम योजनेचा दर माणशी महिना १५ डॉलर आहे. वीस जणांचे वर्षाला ३,६०० डॉलर, म्हणजे ३ लाख २४ हजार रुपये. गंमत अशी की लिनक्सवर चालणारं मूळ डॉकर इंजिन आजही मुक्त आहे. पैसे पडतात ते विंडोज किंवा मॅकवरच्या सोयीच्या ॲपचे. पॉडमॅन डेस्कटॉप आणि रँचर डेस्कटॉप हे पर्यायही मोफत मिळतात. आठवडाभर इंजिनिअर कुरकुरतील, पण सवा तीन लाख वाचतील.

व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती मायक्रोसॉफ्ट मोठ्या संस्थांना व्यावसायिक कामासाठी वापरू देत नाही. 'मोठी' म्हणजे २५० पेक्षा जास्त संगणक किंवा दहा लाख डॉलरपेक्षा जास्त वार्षिक उलाढाल. दहा लाख डॉलर म्हणजे नऊ कोटी रुपये. भोसरीतला बऱ्यापैकी चालणारा प्रेस शॉपसुद्धा ही रेघ ओलांडतो. व्हिज्युअल स्टुडिओ कोड हे वेगळं उत्पादन आहे आणि ते कंपनीतही मोफत वापरता येतं. नाव सारखं असल्याने परचेसवाले दोन्ही एकच समजतात. पायथॉनवाल्यांचं ॲनाकोंडा २०० पेक्षा मोठ्या संस्थेला पैसे मागतं, पण मूळ पायथॉन आणि मिनीफोर्ज यांना तशी अट नाही.

सगळ्यात मोठा खड्डा जावाचा. ओरॅकलने जानेवारी २०२३ पासून जावाचं सबस्क्रिप्शन कर्मचारीसंख्येवर लावलं. जावा किती संगणकांवर आहे हा प्रश्नच उरला नाही. ओरॅकलच्या व्याख्येत पूर्णवेळ, अर्धवेळ, हंगामी असे सगळे कर्मचारी येतात. शिवाय तुमच्या अंतर्गत कामासाठी राबणाऱ्या कंत्राटदारांची माणसंही येतात. ९९९ माणसांपर्यंत दर माणशी महिना १५ डॉलर. आपल्या कारखान्याच्या ४०० माणसांचे वर्षाला ७२ हजार डॉलर, म्हणजे ६४ लाख ८० हजार रुपये. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याचं आणि कँटीनवाल्याचंही जावाचं लायसन्स! आणि हे सगळं एखाद्या जुन्या टेस्ट बेंचच्या संगणकावर जावा ८ चं एप्रिल २०१९ नंतरचं अपडेट कोणीतरी टाकलं म्हणून. यावर उतारा फुकट आहे. टेमुरिन किंवा दुसरं कुठलंही ओपनजेडीके वितरण बसवा आणि ओरॅकलचं जावा प्रत्येक संगणकावरून काढून टाका. मात्र मशीनसोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये जावा आधीच बांधलेलं असेल, तर त्या मशीनच्या व्हेंडरकडून त्याच्या लायसन्सबद्दल लेखी घ्या.

म्हणून कुठलंही नवं टूल घेण्याआधी प्रत्येक लॅपटॉपवर आणि टेस्ट बेंचवर काय बसवलेलं आहे याची यादी करा. खर्च शून्य, दोन दिवसांचं काम. कोणत्याही कोटेशनमध्ये वाटाघाटी करून जेवढे पैसे वाचतील त्यापेक्षा या यादीत जास्त वाचतात.

कोड ठेवायची जागा

कोडची साठवण, कामांची नोंद, आपोआप बिल्ड आणि तपासणी, एवढं टूल्सच्या संचात लागतं. हे सगळं एका जागी देणारे तीन मोठे पर्याय आहेत. ॲझ्युर डेव्हऑप्समध्ये पहिले पाच जण मोफत, पुढे माणशी महिना ६ डॉलर. आपल्या वीस जणांचे वर्षाला १,०८० डॉलर, म्हणजे ९७,२०० रुपये. गिटहबची टीम योजना ४ डॉलरची, वर्षाला ८६,४०० रुपये. एंटरप्राइज योजना २१ डॉलरची, वर्षाला ४ लाख ५३ हजार ६०० रुपये. गिटलॅब प्रीमियम २९ डॉलर, वर्षाला ६ लाख २६ हजार ४०० रुपये. गिटलॅबची कम्युनिटी आवृत्ती स्वतःच्या सर्व्हरवर बसवली तर लायसन्स शून्य.

गिटहबच्या दोन योजनांमधला पाचपट फरक डोळ्यांत भरतो. तो मुख्यतः कंपनीच्या एकाच लॉगिनने आत जाण्याच्या सोयीचा, ऑडिट लॉगचा आणि नियंत्रणाचा आहे. सुरक्षा ऑडिट नेमकं हेच मागतं. माणूस नोकरी सोडून गेल्यावर त्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद झाला का, हा प्रश्न हमखास येतो. त्यामुळे ४ डॉलरची योजना घेऊन सहा महिन्यांत २१ वर जाण्यापेक्षा ग्राहकाची प्रश्नावली आधी मागून घ्या.

कामांच्या नोंदीसाठी जिरा स्वतःच्या सर्व्हरवर बसवून निश्चिंत राहायचे दिवस गेले. जिरा सर्व्हरचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ रोजी संपला. डेटा सेंटर आवृत्तीचं लायसन्स मुळात ५०० माणसांपासून सुरू होत होतं. जिरा बनवणाऱ्या ॲटलासियनने नव्या ग्राहकांसाठी त्याची विक्रीही मार्च २०२६ अखेर थांबवायचं ठरवलं आणि २८ मार्च २०२९ ही त्याची अखेरची तारीख जाहीर केली. जिराच्या क्लाउडवर दहा माणसांपर्यंत फुकट आहे. कोणी तुम्हाला जुनी सर्व्हरवरची जिरा 'सेट करून देतो' म्हणाला तर नमस्कार करून त्याला गेटपर्यंत सोडा.

मोठ्या वाहन कंपन्यांच्या साखळीत आयबीएमचं डोअर्स आणि त्याच्याभोवतीचा इंजिनिअरिंग लाइफसायकल मॅनेजमेंट हा संचही भेटतो. वीस माणसांच्या टीमने तो स्वतःहून घेऊ नये. ग्राहकाने त्याच्या सर्व्हरवर प्रवेश दिला तर उत्तम. घ्यावाच लागला तर खाली डीबी२, ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हर यांपैकी एक डेटाबेस लागतो, आणि तो खर्च टूलच्या कोटेशनमध्ये बहुधा दिसत नाही. सोबत येणारा डर्बी डेटाबेस फक्त चाचणीपुरता आहे. दुसरं, सर्व्हरचा वेबपत्ता पहिल्याच दिवशी पक्का करावा लागतो. तो पत्ता सगळ्या गरजांच्या आणि चाचण्यांच्या दुव्यांमध्ये जाऊन बसतो आणि नंतर बदलणं हे एक स्वतंत्र प्रकरण होऊन बसतं. 'तात्पुरतं आयपी नंबरवर चालू करू, नाव मागाहून देऊ' असं आयटीवाले म्हणतात. त्यांना तसं करू देऊ नका. गिटलॅबलाही हाच सल्ला लागू, तिथे दुरुस्ती तेवढी जड नाही इतकंच.

सीचा कोड आणि डोंगल

आतापर्यंतचे आकडे कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीला लागू पडतील. फर्मवेअरवाल्याचा खरा खर्च पुढेच आहे.

कोड तपासणीसाठी सोनारक्यूबचं नाव सगळे घेतात, आणि त्याची कम्युनिटी आवृत्ती मोफतही आहे. पण तिच्यात सी आणि सी++ ची तपासणी नाही. त्यासाठी डेव्हलपर आवृत्ती लागते, आणि तिची किंमत माणसांवर न ठरता कोडच्या ओळींवर ठरते. चिप बनवणाऱ्या कंपनीकडून आलेली ड्रायव्हरची लायब्ररी त्या मोजणीत सापडली तर किंमत वरच्या पायरीवर जाते. म्हणून दुसऱ्याने लिहिलेला कोड तपासणीतून वगळायला सांगा. सुरुवातीला सीपीपीचेक हे मुक्त टूल आणि त्याची मिस्राची, म्हणजे सी कोड सुरक्षितपणे लिहिण्याच्या नियमांची, जोड चालते, फक्त मिस्राच्या नियमांचा मूळ दस्तऐवज विकत घ्यावा लागतो. ग्राहक आयएसओ २६२६२ मागत असेल तर त्या मानकाच्या आठव्या भागात टूलवर किती भरवसा ठेवायचा याची वेगळी पडताळणी आहे. तिथे मोफत टूल चालत नाही असं नाही, पण त्याच्या पडताळणीचं काम तुमच्या डोक्यावर येतं. पैसे देऊन घेतलेल्या कंपायलरचा सर्टिफिकेट-संच बहुधा वेगळ्या ओळीत आकारलेला असतो. ती ओळ कोटेशनमध्ये आहे का, ते पाहा.

मॅथवर्क्सच्या टूल्समध्ये साखळीकडे लक्ष ठेवा. सिम्युलिंकच्या मॉडेलमधून उत्पादनाचा सी कोड काढायला एम्बेडेड कोडर लागतो. त्याच्या खाली मॅटलॅब, सिम्युलिंक, मॅटलॅब कोडर आणि सिम्युलिंक कोडर हे सगळे लागतात. 'आम्हाला फक्त एम्बेडेड कोडर हवाय' असं म्हणणाऱ्याच्या कोटेशनमध्ये पाच ओळी येतात त्या यामुळे. फसवणूक नाही ती, पण बजेट कोसळतं.

अशा महाग टूल्सची लायसन्स दोन प्रकारची असतात. एक ठरावीक संगणकाला बांधलेलं, दुसरं फ्लोटिंग, म्हणजे सर्व्हरवर पडून राहणारं आणि ज्याला लागेल त्याने उचलायचं. फ्लोटिंग महाग असतं, पण वीस इंजिनिअरना वीस लागत नाहीत. कोड काढणं हे दिवसभराचं काम नव्हे. कमी घेऊन सुरुवात करा आणि लायसन्स सर्व्हरचा लॉग बघा. फ्लेक्सनेट हा सर्वत्र चालणारा लायसन्स सर्व्हर प्रत्येक नाकारलेल्या मागणीची नोंद ठेवतो. महिनाभरात नकार क्वचित दिसले तर तुमच्याकडे पुरेशी लायसन्स आहेत. रोज दिसले तर एक वाढवा. व्हेंडरचा सेल्सवाला हा लॉग कधी मागत नाही, तुम्हीच मागा.

लायसन्स सर्व्हर बहुधा संगणकाच्या नेटवर्क कार्डच्या नंबराला बांधलेला असतो. कार्ड बदललं की लायसन्स गेलं, मग नवी फाइल येईपर्यंत सगळे हात बांधून. यूएसबी डोंगल असलेलं टूल व्हर्च्युअल मशीनवर टाकायचा बेत असेल तर आधी चाचणी घ्या. ग्राहकाच्या प्लँटवर गाडीच्या चाचणीला जाणाऱ्या इंजिनिअरला लॅपटॉपवर काही दिवसांसाठी लायसन्स 'बॉरो' करता येतं का, हेही विचारा. सगळ्याच लायसन्सांत ती सोय नसते.

आणखी एक. ज्या कंपायलरच्या आवृत्तीने उत्पादन मंजूर झालं, ती आवृत्ती गाडीचं मॉडेल रस्त्यावर असेपर्यंत सांभाळावी लागते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, पण जुना कंपायलर नव्या विंडोजवर चालेलच असं नाही. त्यामुळे बिल्डच्या मशीनची संपूर्ण प्रतिमा काढून ठेवणं आणि ते मशीन इंटरनेटपासून तोडणं, हे काम सुरुवातीच्याच पीओमध्ये घाला.

सर्व्हर आपल्याच खोलीत ठेवायचा तर

गिटलॅबच्या स्वतःच्या मार्गदर्शनानुसार हजार माणसांपर्यंत ८ कोर आणि १६ जीबी मेमरीचं एक मशीन पुरतं. वीस माणसांसाठी व्हेंडर दोन सर्व्हर, क्लस्टर आणि रॅक भरून उपकरणं सुचवत असेल तर तो त्याचं टार्गेट पूर्ण करतोय. आपल्याला एक मध्यम टॉवर सर्व्हर, बॅकअपसाठी नॅस आणि एक ऑनलाइन यूपीएस पुरतो. बिल्डचं मशीन मात्र वेगळं हवं. जेनकिन्सचं मार्गदर्शनही हेच सांगतं की मुख्य मशीनवर बिल्ड चालवू नये.

वीज ही या पट्ट्याची जुनी डोकेदुखी. व्होल्टेज डिप आला की खालची मशीन पुन्हा चालू करता येतात, पण डेटाबेस लिहिता लिहिता बंद पडला तर तो तसा सावरत नाही. त्यामुळे यूपीएस ऑनलाइन प्रकारचाच घ्या. वीज गेल्यावर सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल अशी यूपीएसची जोडणी करून घ्या आणि ती करून दाखवायला सांगा. बॅटऱ्या तीनेक वर्षांत बदलाव्या लागतात, तेही बजेटमध्ये धरा. ४०० वॅटचा सर्व्हर वर्षभर चालला तर ३,५०४ युनिट होतात. युनिट १० रुपये धरलं तर ३५ हजार, आणि खोलीच्या एसीसकट साधारण ६० हजार रुपये.

बसवायला गुरुवार बरा, असं सगळ्यांना वाटतं. बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, सगळं शांत. पण महावितरणची देखभालीची कामंही इथे गुरुवारीच निघतात. सर्व्हर बसवण्याच्या दिवशी पाच तास जनरेटरवर काढायचे नसतील तर आधी चौकशी करा. योगायोग असा की गिटलॅबची नवी आवृत्तीही दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारीच येते. सुरक्षेच्या दुरुस्त्या चालू आणि मागच्या दोन आवृत्त्यांनाच मिळतात, म्हणजे तीन महिने अपडेट टाळलं की तुम्ही उघडे पडलात. एकदम वर्षभराची उडीही मारता येत नाही, मधल्या ठरलेल्या आवृत्त्यांवर थांबत जावं लागतं. 'एकदा बसवलं की झालं' म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं, किंवा एएमसी विकायच्या वेळी आठवतं.

क्लाउड घेतलं तर यातलं बरंचसं टळतं, इंटरनेटची मात्र काळजी वाढते. रस्ता खोदताना फायबर तुटणं इथे नवं नाही, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या आणि वेगळ्या बाजूंनी येणाऱ्या लाइन हव्यात. डेटा भारतात ठेवायचा असेल तर ॲझ्युर डेव्हऑप्समध्ये खातं उघडतानाच भारत निवडावा. मायक्रोसॉफ्टचा 'सेंट्रल इंडिया' विभाग तर २०१५ पासून पुण्यातच आहे.

बसवणाऱ्याचे दिवस

इन्स्टॉलेशन हे सगळ्यात छोटं काम. जाणकार माणूस गिटलॅब अर्ध्या दिवसात उभं करतो. दिवस खातात त्या पुढच्या गोष्टी. कंपनीच्या लॉगिनशी जोडणी आणि कोणाला काय दिसावं याचे हक्क ठरवणं, यात दोन-तीन दिवस जातात. जुना कोड आणणं हे सगळ्यात किचकट. सबव्हर्जनमधून गिटमध्ये यायचं तर जुन्या प्रत्येक नावाला एक पत्ता द्यावा लागतो, आणि त्यातले निम्मे लोक कधीच नोकरी सोडून गेलेले असतात. कोडमध्ये टाकून ठेवलेल्या झिप आणि एक्सई फाइल बाहेर काढाव्या लागतात. गिटहब तर १०० एमबीच्या वरची फाइल घेतच नाही. यासाठी पाच दिवस धरा, आणि आपला एक इंजिनिअर पूर्णवेळ त्या माणसाशेजारी बसवा. आपोआप बिल्डला आणखी पाच दिवस. मग बॅकअप आणि प्रशिक्षण.

बॅकअपबद्दल एकच प्रश्न विचारा, 'परत आणून दाखवाल का?' ३१ जानेवारी २०१७ रोजी खुद्द गिटलॅबच्या सेवेचा डेटाबेस एका इंजिनिअरच्या हातून चुकून पुसला गेला. बॅकअप आणि प्रतिकृतीच्या पाच पद्धती होत्या, ऐन वेळी एकही धड चालली नाही. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती लागली, म्हणून नुकसान सहा तासांच्या नोंदींवर भागलं. ज्यांनी टूल बनवलं त्यांची ही गत झाली. तेव्हा व्हेंडरचा शेवटचा हप्ता रिकाम्या मशीनवर बॅकअप उतरवून दाखवल्यावरच द्या, आणि ही अट पीओमध्ये लिहा.

स्वतःच्या सर्व्हरसाठी एकूण २० दिवस आणि क्लाउडसाठी १२ दिवस धरणं रास्त आहे. दिवसाचा दर प्रत्येकाचा वेगळा असतो. हिशेबासाठी १२ हजार धरू. व्हेंडर बाणेर किंवा कोथरूडहून चाकणला येणार असेल तर व्हिजिटचे पैसे कसे मोजणार ते आधी ठरवा. नाशिक रस्त्यावर तळेगाव चौकात आणि आंबेठाण चौकात अडकलेले तासही 'मॅन-डे'मध्ये धरले जातात. दूरस्थ होणारं काम दूरस्थच घ्या आणि प्रत्यक्ष भेटी सर्व्हर, डोंगल आणि प्रशिक्षण यांच्यापुरत्या ठेवा.

बिल भरताना

परदेशी कंपनीकडून थेट घेतलं तर १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्हीच भरायचा, तोही रोखीने. इनपुट क्रेडिट नंतर मिळतं, त्यामुळे तो खर्चात धरू नका, पण त्या महिन्याच्या रोकडीत धरा. गिटलॅब प्रीमियमच्या आपल्या उदाहरणात हा आकडा १ लाख १२ हजार ७५२ रुपये होतो. भारतातल्या रिसेलरकडून घेतलं तर दर थोडा चढा असू शकतो, पण रुपयातलं बिल, नेहमीचा जीएसटी आणि पीओवर उधारी मिळते. परचेस विभागाच्या दृष्टीने हे सुख मोठं असतं. टीडीएसचा वाद परदेशी तयार सॉफ्टवेअरपुरता सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ च्या निकालाने बराचसा मिटवला. कर-करार असलेल्या देशातल्या विक्रेत्याला दिलेली अशी रक्कम रॉयल्टी धरली जात नाही. मात्र क्लाउड सेवा आणि बसवण्याचं शुल्क या वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे बाहेर पाठवण्याआधी सीएला करार दाखवा, नुसतं बिल नको.

संचालकांचं क्रेडिट कार्ड लावून मासिक वर्गणी भरायची पद्धत सोडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १५ हजारांच्या वरचा आपोआप हप्ता दर वेळी ओटीपीशिवाय जात नाही. ओटीपी साहेबांच्या फोनवर, साहेब जर्मनीच्या प्रदर्शनात, आणि इकडे वीस जणांचं काम बंद. वार्षिक भरा. बसवणारी स्थानिक संस्था उद्यमखाली नोंदलेली सूक्ष्म किंवा लघु सेवा संस्था असेल तर तिचे पैसे लेखी करारातल्या मुदतीत (जास्तीत जास्त ४५ दिवस), आणि करार नसेल तर १५ दिवसांच्या आत द्या, नाहीतर त्या खर्चाची वजावट त्या वर्षी अडकते.

ऑडिटसाठी दोन खर्च वेगळे काढून ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस सांभाळायचे आहेत आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची आहे. त्यासाठी डिस्क लागते आणि जबाबदार धरता येईल असा एक माणूस लागतो. जर्मन वाहन कंपन्यांच्या साखळीत असाल तर टिसॅक्स या माहिती-सुरक्षा तपासणीची मागणी येते. त्याचं लेबल तीन वर्षं टिकतं. टूल्सची रचना त्याची प्रश्नावली समोर ठेवून केली तर नंतर दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागत नाहीत.

बेरीज

कंपायलर आणि मॅथवर्क्सचे आकडे बाजूला ठेवू, ते पुढच्या तिन्ही पर्यायांत सारखेच राहतात; जीएसटीही बाजूला ठेवू, कारण त्याचं क्रेडिट मिळतं. बिल्ड मशीन १ लाखाचं धरू. देखभाल करणारा इंजिनिअर कंपनीला वर्षाला १० लाखांना पडतो असं धरू. क्लाउडवर त्याचा सहावा हिस्सा वेळ जाईल, स्वतःच्या सर्व्हरवर तिसरा हिस्सा.

ॲझ्युर डेव्हऑप्स क्लाउडवर घेतलं तर पहिल्या वर्षी लायसन्स ९७ हजार, बसवणं १ लाख ४४ हजार, देखभाल १ लाख ६७ हजार आणि बिल्ड मशीन मिळून सुमारे ५ लाख ८ हजार रुपये. दुसऱ्या वर्षापासून २ लाख ६४ हजार. गिटलॅब प्रीमियम क्लाउडवर घेतलं तर पहिल्या वर्षी १० लाख ३७ हजार, पुढे ७ लाख ९३ हजार. आणि 'फुकट' गिटलॅब आपल्या खोलीत ठेवलं तर सर्व्हर ३ लाख, नॅस आणि यूपीएस १ लाख २० हजार, वीज ६० हजार, बसवणं २ लाख ४० हजार, देखभाल ३ लाख ३३ हजार आणि बिल्ड मशीन मिळून पहिल्या वर्षी ११ लाख ५३ हजार. पुढे ३ लाख ९३ हजार. म्हणजे पहिल्या वर्षी तिन्हींत महाग ठरतं ते फुकटवालंच.

इंजिनिअर वाढले की चित्र पालटतं. याच गृहीतकांवर ४० च्या आसपास ॲझ्युर डेव्हऑप्सचा आणि स्वतःच्या सर्व्हरचा दुसऱ्या वर्षापासूनचा वार्षिक खर्च सारखा होतो, त्यापुढे स्वतःचा सर्व्हर स्वस्त पडतो. तेव्हा चाळिसाच्या आतली टीम असेल आणि ग्राहकाच्या करारात कोड आवाराबाहेर नेण्यास मनाई नसेल, तर क्लाउड घ्या आणि सर्व्हरची खोली स्टोअर्सला देऊन टाका. करारात मनाई असेल तर स्वतःचा सर्व्हर घ्या, पण देखभालीचा माणूस कोण हे नावानिशी ठरल्याशिवाय पीओ काढू नका. त्याचं नाव ठरत नसेल तर खरेदी पुढच्या तिमाहीत ढकला.